आक्काचे शेवट

"रडायचें त्यांनी पदर हातीं घ्या. पण भिऊं नका, शेवट गोड आहे."

एवढं सांगून आक्का केळीच्या सोपटाचा दोरा दातात धरायची आणि नखानं त्याचे दोन धागे करायची. मांडीवरच्या सुपात मोगऱ्याच्या कळ्या. पहिली गाठ बसली की गोष्ट सुरू. गोष्ट म्हणजे आदल्या दिवशी, शनिवारी दुपारच्या खेळाला तिनं पाहिलेला सिनेमा. ऐकायला आम्ही आठदहा बायका, आमच्याच घराच्या पुढच्या ओट्यावर. तंजावरात या ओट्याला सगळे तिण्णै म्हणतात.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जी जाऊन येते आणि न गेलेल्यांना घेऊन जाते. आमच्याकडे ती समोरच्या घरातली थोरली सून होती. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, त्यामुळे तिचं नाव कितीतरी वर्षं मला ठाऊकच नव्हतं. माझ्याहून ती दहाएक वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला अहोजाहो करायची आणि मनात अगंतुगं. कारण लपवण्यासारखं नाही. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्दही सभ्य झाला, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी पापनाशमची. पन्नास सालानंतर केव्हातरी लग्न होऊन तंजावरात आले, तेव्हा माझ्या अंगात दोन गोष्टींचा ताठा होता. एक, मी शाळेची शेवटची परीक्षा पास झाले होते. दुसरी, वडिलांनी मला घरी बसवून मराठी लिहावाचायला शिकवलं होतं. आमच्या लोकांत घरी मराठी बोलणारे पुष्कळ, पण वाचणारे तेव्हाही बोटांवर मोजण्याइतकेच. आक्काला तर तमिळ अक्षरंसुद्धा एकेक जुळवून वाचावी लागत. टॉकीजच्या दारात गाण्यांचं चिमुकलं पुस्तक मिळायचं. त्यात सिनेमाची कथा थोडक्यात दिलेली असे, आणि ऐन वळणावर 'पुढील भाग पडद्यावर पाहा' असं म्हणून ती थांबायची. ते पानभर वाचायला आक्काला अर्धा तास लागे. अशा बाईपुढे माझं काही चालू नये, हे मला पटतच नव्हतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी या घरात येण्याआधीच त्यांची दृष्टी गेली होती. त्यांना न्हाऊ घालणं, हात धरून पानातला भात कुठे आणि आमटी कुठे ते दाखवणं, विडा कुटून देणं, सगळं माझ्याकडे. मी काहीही केलं तरी त्या म्हणायच्या, "सरि." तमिळमधलं 'बरं'. रागावल्या तरी सरि आणि आवडलं तरी सरि. पण रविवारी दुपारी समोरच्या पायरीवर आक्काची जोडवी वाजली की त्या खांबाला टेकलेली पाठ सरळ करत आणि विचारत, "आलीस कां ग? ये, सांग ग." त्या आवाजात जे काही होतं, ते सात वर्षांत मला एकदाही मिळालं नव्हतं. मला दागिने नको होते, माहेरी आठ दिवस जास्तही राहायचं नव्हतं. आत्याबाईंनी एकदा मला 'सांग ग' म्हणावं, एवढंच हवं होतं.

आत्याबाईंचं लहानपण राजवाड्याच्या सावलीत गेलेलं, त्यामुळे त्यांना घरगुती रडारडीचे सिनेमे चालत नसत. राजाराणीचे हवेत, आणि त्यातही प्रेमाचे. शिवाय सगळी तपासणी व्हायची. राजाचं पागोटं कसलं? नथ कोणत्या बाजूला? निऱ्या आपल्यासारख्या की तमिळ बायकांसारख्या? आक्का प्रत्येक प्रश्नाला गाठ न थांबवता उत्तर द्यायची. "साडी पोपटी, आत्याबाई. कांठ डाळिंबी. आणि शालू असा जड, कीं दासी मागें धरून चालत होती, तीच दमली."

पाचच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी गाईची घंटा वाजायची. आमच्या परसात आमची स्वतःची गाय होती, पण समोरच्या घरी कोनार, म्हणजे तमिळ गवळी, दारात गाय आणून दूध काढून द्यायचा. घंटा ऐकली की आक्का शेवटची गाठ मारून उठायची. तोपर्यंत नायक-नायिकेचं लग्न लागलेलं असायचं आणि हातभर गजरा तयार असायचा. तो ती आत्याबाईंच्या अंबाड्यात माळून जायची.

एकदा आक्का माहेरी ओरत्तनाडूला गेली होती. ती संधी साधून मी सिनेमा पाहून आले. क्रम चुकू नये म्हणून वहीत लिहून काढला आणि रविवारी आत्याबाईंपुढे बसले.

"राणी दरबारात येते," मी सुरुवात केली.

"साडी कोणत्या रंगाची?"

"आत्याबाई, सिनेमा काळापांढरा असतो. रंग कळत नाहीत."

त्या म्हणाल्या, "मजला तर सगळेंच काळें. आक्काला रंग दिसतात. तुजला डोळे असून कां दिसत नाहीत ग?"

बायका हसल्या. मी वही मिटली आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसले. ते सकाळीच निवडून ठेवलेले होते.

मग तो नावाड्याच्या मुलीचा सिनेमा आला. कुठल्याशा जुन्या राज्यातला राजपुत्र वेष पालटून रोज नदी ओलांडतो. नावाडी म्हातारा, म्हणून वल्ही मुलीच्या हातात. हळूहळू राजपुत्राचं पैलतीरावरचं काम संपतं, पण त्याचं जाणंयेणं काही संपत नाही. मग वाड्यावर कळतं आणि राज्याभिषेकाचा दिवस ठरतो. ही गोष्ट सांगायला आक्कानं दोन रविवार घेतले. शेवटाला आली तेव्हा तिच्या हातातला गजरा पायरीपर्यंत लोंबत होता.

"नगारे वाजताहेत," ती म्हणाली. "सगळे त्याला शोधताहेत. तो मुगुट घालूनच घाटावर आला. मुगुट काढला आणि पायरीवर ठेवला, जोड्याशेजारीं. नावेंत बसला. ती म्हणाली, महाराज, पैलतीराला कां? तो म्हणाला, तीराला नको. चालूं दे."

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "अग, साखर पोंगल कर सगळ्यांना. असा शेवट रोज मिळत नाही." तो गुळाचा भात मी केला. शेवट आक्कानं गोड केला, आणि चिकटलेलं पातेलं मी घासलं. पुढे महिनाभर त्या आक्काला तेवढाच शेवट पुन्हापुन्हा सांगायला लावत होत्या. 'चालूं दे' हे त्यांच्याही तोंडी बसलं. मी आणखी भात वाढू का म्हटलं तर म्हणायच्या, "चालूं दे." तिथंही आक्काच.

त्याच सुमाराला माझी धाकटी बहीण पापनाशमहून राहायला आली आणि सिनेमाचा हट्ट धरून बसली. नावाड्याची मुलगी अजून चालू होती. शनिवारच्या दुपारच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. आक्कानं सांगितलेलं सगळं तिथे होतं, नदी, वल्ही, नगारे. राजपुत्र घाटावर आला तशी मी बहिणीला कोपरानं ढोसलं, आता बघ म्हणून. पण त्यानं मुगुट काही काढला नाही. त्याच्यामागून प्रधानाची मुलगी आली, शेला बांधलेली. लग्नाचं जोडपं नावेत बसलं आणि पैलतीरावरच्या देवळापर्यंत त्यांना वल्हवत नेलं कुणी, तर त्या नावाड्याच्या मुलीनंच. तो तिच्याकडे बघून एक शब्द बोलला नाही. त्यांना उतरवून तिनं नाव पुराच्या धारेला सोडून दिली. काठावर एक संन्यासी कर्तव्यावर गाणं म्हणायला लागला.

टॉकीजमध्ये एकच गिल्ला झाला. बाकावरच्या एका म्हातारीनं उभं राहून राजपुत्राला शिव्या दिल्या. माझी बहीण रागारागानं चपला विसरून निघाली. मी रडत होते, आणि त्याच वेळी मला फुगडी घालावीशी वाटत होती. आक्का सापडली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्या. आक्कानं दोरा दातात धरला आणि म्हणाली, "रडायचें त्यांनी पदर हातीं घ्या. पण भिऊं नका, शेवट..."

"नावाड्याच्या मुलीचा झाला तसा गोड का, आक्का?" मी म्हणाले. "काल मी पाहून आले. तो मुगुट काढत नाही. प्रधानाच्या मुलीशी लग्न करतो. तुम्ही आम्हाला चक्क खोटं सांगितलंत."

मला वाटलं ती चिडेल, निदान सारवासारव तरी करेल. तिनं दातातला दोरा काढला. माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "असें कां? मग? नंतर काय झालें?"

"तुम्ही पाहिलंत ना?"

"तू सांग ग."

मी ते दोन शब्द ज्यांच्या तोंडून ऐकायला टपले होते त्या बाजूलाच बसल्या होत्या, आणि बोलली ही. पण मी तेव्हा जिंकायला निघाले होते. मी सांगितलं, अगदी तिखटमीठ लावून. आक्का पदर हातात घेऊन ऐकत होती.

"वल्हवत तीच होती? त्यांना?"

"हो."

"आणि तो कांहींच बोलला नाही?"

"एक अक्षर नाही."

"अय्यो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चुकलेंच त्याचें." तेवढ्यात घंटा वाजली. ती उठली आणि गेली. सूप, कळ्या, वीतभर झालेला गजरा, सगळं तसंच आमच्या ओट्यावर राहिलं.

मी आत्याबाईंकडे वळले. आता त्या काय म्हणतात म्हणून माझा जीव कानात गोळा झाला होता.

"दुपारचा खेळ किती वाजतां सुटतो?" त्यांनी विचारलं.

"सहाला."

"आणि कोनाराची गाय समोर कधीं येते?"

"पाचला."

"तिच्या सासऱ्याला वाटतें, कोणी समोर उभें नसलें कीं कोनार पाणी घालतो. गाय दारांत येण्याच्या आधीं सून दारांत असली पाहिजे, ह्या अटीवर ती सिनेमाला जाते. दर शनिवारीं तिचीं जोडवीं घंटेच्या आधीं वाजतात. मी ओट्यावर बसून ऐकतें ना." त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "सात वर्षें झालीं. त्या बाईनें एक शेवट बघितला नाही. मजला ठाऊक होतें. तुजला कोणी विचारलें होतें?"

एकेक बाई उठून गेली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला लाज वाटली, हे खरं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त जे वाटलं ते तेच, जुनं. मी समजत होते की तिनं एक शेवट बदलला. तिनं तर सगळेच स्वतः केले होते! तो सेनापती तुरुंगातून सुटला तो, ती राजकन्या विषाचा पेला उलटा करते तो, आंधळ्या राजाला स्पर्शावरून राणी ओळखू येते तो. ज्यांवर मी स्वतः चोरून रडले होते, ते सगळे समोरच्या घरातल्या या बाईनं, टॉकीजपासून घरापर्यंत झपझप चालताना रचले होते. मी शिकलेली. मला एका साडीला रंग देता आला नव्हता.

चार रविवार आक्का आली नाही. ओट्यावर कुणीच येईना. आत्याबाई खांबाला टेकून बसत आणि समोरच्या पायरीकडे कान देत. मी दोनदा म्हटलं, "मी सांगू का काही?" त्या उत्तर देत नसत. त्यांचं सरिसुद्धा बंद झालं.

शेवटी मी समोर गेले. मोठ्या मनानं गेले असं कुणी समजू नका, मला माझं सरि परत हवं होतं. आक्का चुलीपुढे होती. "या शनिवारी तुम्ही सबंध सिनेमा पाहून या," मी म्हणाले. "गाईसमोर मी उभी राहते." ती काही बोलायच्या आत मी तिच्या सासऱ्यांसमोर जाऊन परवानगीही मागितली. आमच्या घरची गाय मी रोज पिळते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खूप विचार केला. "फेस बसल्याशिवाय भांडें आंत आणूं नको," असं म्हणून त्यांनी होकार दिला.

शनिवारी मी तांब्या घेऊन समोरच्या दारात उभी राहिले. कोनारानं इकडंतिकडं पाहिलं. "अम्मा एंगे?" अम्मा कुठे आहेत? गाईनंही मान वळवून दाराकडे पाहिलं आणि दूध चोरलं. रोजच्यापेक्षा निम्मंच निघालं. त्या दुधाची कापी, म्हणजे कॉफी, पिऊन तिचे सासरे म्हणाले, "पाणी आहे ह्यांत." मी पापणी न लववता समोर उभी होते. आक्का इतकी वर्षं काय काय ऐकून घेत आली होती, ते मला तेव्हा कळलं.

ती सव्वासहाला आली. सगळ्या बायकांना कुठून कोण जाणे बातमी लागली होती, ओटा भरला होता. आत्याबाईंची पाठ सरळ झालेली.

"आलीस कां ग? बघितलास?"

"बघितला." आक्का पायरीवरच बसली. "दोघें हात जोडून उभीं राहिलीं. पलीकडून एक ऋषी आला, त्यानें हात वर केला, सगळें ठीक झालें. कसें झालें, कोणी विचारलेंच नाही. मग शुभम् अशीं अक्षरें आलीं. तींसुद्धां पुरीं वाचूं दिलीं नाहींत लोकांनीं, सगळे उठून चपला शोधत होते." तिनं पदरानं घाम पुसला. "एवढेंच असतें कां ग शेवटाला? ह्याच्यासाठीं मी सात वर्षें वाटेनें हळहळत येत होतें?"

आत्याबाई हसायला लागल्या. मी त्यांना असं पोट धरून हसताना कधी पाहिलं नव्हतं. आक्काही हसली, मग सगळ्याच हसल्या. "तें राहूं दे," आत्याबाई म्हणाल्या, "खरा काय झाला तें सांग." आणि आक्कानं तिथंच, सुपाशिवाय, दोऱ्याशिवाय, तो सिनेमा आम्हाला सांगितला. त्यात ऋषी नव्हता.

जाताना तिनं माझा हात धरला. "पुन्हां उभी राहूं नको हो माझ्यासाठीं," ती म्हणाली. "मजला तेवढा रस्ताच बरा." माझा हात तिच्या हातात होता आणि मला पुन्हा हेवा वाटत होता. माझ्यामुळे ती परत आली, आणि हसणं मात्र तिच्या वाट्याला गेलं.

पुढे सात-आठ वर्षांनी तिचे सासरे गेले. मुलाला मद्रासला नोकरी लागली आणि तो आईवडिलांना घेऊन गेला. निघताना तिनं ते फुलांचं सूप आमच्याकडे ठेवलं. समोरच्या दाराला कुलूप लागलं. वर्षभरानं तमिळमध्ये एक कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं, म्हणजे स्वतःच लिहिलेलं. ते मी आत्याबाईंना मराठी करून वाचून दाखवलं. 'येथें टॉकीज घराजवळ आहे. गाय नाही, दूध बाटलींत येतें. त्यामुळें सगळे शेवट बघावे लागतात. अजून एकही चांगला मिळाला नाही.' त्यानंतर कार्ड आलं नाही. आलं ते तिच्या मुलाचं, चार ओळींचं. ते मी आत्याबाईंना वाचून दाखवलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी गजरा नको म्हणून सांगितलं.

आत्याबाईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांना ओट्यावर आणणंही अवघड झालं होतं. एका दुपारी त्यांनी माझा हात चाचपला. "अग, ती नावाड्याची मुलगी," त्या म्हणाल्या. "सांग ग."

सांग ग! मी वीसेक वर्षं त्याची वाट पाहिली होती. मी जीव ओतून सांगितली. नदीला रंग दिला, वल्ह्यांना दिला, तिच्या साडीला पोपटी आणि काठाला डाळिंबी. शेवटी त्याला मुगुट पायरीवर ठेवायला लावला, जोड्याशेजारी. "चालू दे," मी म्हणाले आणि थांबले.

आत्याबाईंनी मान हलवली. "छान सांगितलेंस," त्या म्हणाल्या. त्यांनी मला छान म्हटल्याची ती पहिली वेळ. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आतां आक्का कशी सांगायची, तें सांग."

मी उठले. फळीवरून तिचं सूप काढलं. परसातून मूठभर कळ्या आणल्या, केळीच्या सोपटाचा दोरा घेतला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. दोरा दातात धरला, नखानं सोलला.

"रडायचें त्यांनी पदर हातीं घ्या," मी म्हणाले. "पण भिऊं नका, शेवट गोड आहे."

आत्याबाईंनी पदर हातात घेतला.